सभेला कोण आलं नाही, ते आधी बघ

दापोली,
आषाढी एकादशी

चि. मानसी हिस,


परवा तुझा फोन ठेवला आणि कितीतरी बोलायचं राहून गेलं. तू कायम घाईत असतेस, त्यात मध्येच बस येते, आवाज तुटतो. म्हणून सरळ कागद घेतला. आज उपास, त्यामुळे स्वयंपाकाचा खटाटोप नाही. रताळी उकडून ठेवली आहेत. पावसाने मध्ये चांगलीच ओढ दिली होती, कालपासून पुन्हा धरलाय. मागच्या पडवीवरची कौलं सरकली होती ती बसवून घेतली. तुझ्या बाबांचा गुडघा आता बरा आहे, जिना चढताना तेवढा दुखतो. आंब्याचं लोणचं या वर्षी छान मुरलंय, तुझी बरणी बाजूला काढली आहे.

तुझी आई, माझी वहिनी, मात्र तुझ्या काळजीत आहे. तिने मला वेगळा फोन करून सांगितलं, ‘मानसी रात्री अकरापर्यंत त्या बागेच्या मीटिंगांना असते, जेवणाचं काही खरं नाही, तुम्ही तरी समजवा.’ आता ‘थांब’ असं मी तुला म्हणावं हे तिच्या मनात असेल, तर ते माझ्याकडून होणार नाही. समुद्राकाठची जागा सगळ्यांना मोकळी राहावी म्हणून तू धावपळ करतेस, याचा मला फार आनंद आहे. पण पोरी, धावपळ करणारी माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली. काही वर्षानुवर्षं टिकली, काही दोन पावसाळ्यांत दमून घरी बसली. तू टिकावंस असं मला वाटतं, म्हणून हे सगळं लिहितेय.

तुला ठाऊक आहे, माझी सगळी नोकरी नकाशे काढण्यात गेली. १९९१च्या विकास आराखड्याच्या त्या दिवसांत ट्रेसिंगवर रोट्रिंगच्या पेनने रेघा मारायच्या, अमोनिया प्रिंट काढून आणायच्या आणि मग एकेका आरक्षणाला रंग भरायचा. प्रिंटच्या वासाने डोळे चुरचुरायचे. बागेची, मैदानाची जागा हिरवी. ब्रश नीट टेकवून कडेपर्यंत रंग न्यायचा, रेघेबाहेर जाऊ द्यायचा नाही. तो हिरवा तुकडा बघून बरं वाटायचं. पण त्यातल्या कितीतरी तुकड्यांवर कधी गवतही उगवलं नाही. कायदा असा आहे बघ. नगररचना अधिनियम १९६६चा, त्यातलं कलम १२७. आराखडा अमलात येऊन दहा वर्षं झाली तरी राखीव जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण आपोआप उडतं. कोणी बाग पळवली असं म्हणायलाही जागा राहत नाही. नुसती मुदत टळून जाते. म्हणून नकाशावरचा हिरवा रंग बघून निर्धास्त व्हायचं नाही, हे मी तुला लहानपणापासून सांगत आलेय.

तुमची जागा या जातीची नाही, हे मला कळतं. ती कोणा मालकाची नव्हतीच. समुद्रात भराव घालून केलेली. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यासाठी १११ हेक्टर भराव पडला आणि त्यातली सुमारे ७० हेक्टर जागा मोकळी ठेवायची असं ठरलं. त्या जागेवर घरं किंवा व्यापारी बांधकाम करायचं नाही, या अटीवर सर्वोच्च न्यायालयात गोष्टी पुढे गेल्या. २०१९च्या डिसेंबरमध्ये रस्त्याचं काम सुरू ठेवायची मुभा मिळाली आणि २०२२च्या सप्टेंबरमध्ये बागा, पायवाटा करायची. मला वाटतं, तुमच्या सगळ्या मागणीचा पाया हीच अट आहे. त्या आदेशांच्या प्रती तुमच्यातल्या किती जणांकडे आहेत? तुझ्याकडे आहेत, हे मला माहीत आहे. इतरांकडे? त्यातली अट मराठीत, हिंदीत चार ओळींत लिहून काढ आणि प्रत्येकाच्या हातात दे. अट कागदावर असते तोवर ती वकिलाची. लोकांच्या तोंडी बसली की मोडणं अवघड जातं.

आणि पत्रांना कमी लेखू नकोस. १९८१च्या नोव्हेंबरात इंदिरा गांधींनी किनाऱ्यावरच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना एक पत्र लिहिलं होतं. भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा किनारा बांधकामापासून मोकळा ठेवा, असं त्यात म्हटलं होतं. तेव्हा तो कायदा नव्हता, पत्रच होतं. पुढे १९८६चा पर्यावरण कायदा आला आणि १९९१च्या फेब्रुवारीत किनारपट्टी नियमनाची, म्हणजे सीआरझेडची, अधिसूचना निघाली, तिच्या मुळाशी तेच पत्र होतं. त्या अधिसूचनेला नंतर कितीदा कात्री लागली, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तरी ती होती म्हणून मुंबईचा बराचसा किनारा शिल्लक राहिला. तेव्हा अर्ज लिहायचा कंटाळा करू नकोस. प्रत्येक अर्जाची पोच घे, वरचा आवक क्रमांक आणि तारीख नीट वाचता येते ना ते खिडकीवरच बघून घे. नुसता शिक्का पुसट उठलेला असेल तर पुन्हा मारून माग. आणि खिडकीमागच्या माणसाशी गोड बोल. त्याने जागा अडवलेली नसते. दिवसभर लोक त्याच्यावरच ओरडून जातात. तू त्याला नावाने हाक मारलीस, तर पुढच्या वेळी फाइल कोणत्या टेबलावर आहे ते तोच तुला सांगेल.

आता माझ्या मनात जे खरं टोचतंय ते लिहिते. तू मला तुमच्या सभेचा फोटो पाठवला होतास. सोसायटीचं क्लबहाउस, छान खुर्च्या, पडद्यावर नकाशा. मी फोटो मोठा करून सगळे चेहरे बघितले. सगळे तुझ्यासारखेच होते गं, शिकलेले, समजूतदार, तळमळीचे. पण वरळी कोळीवाडा तिथून पायी जाण्याइतका जवळ, आणि त्या फोटोत मला एकही नाखवा दिसला नाही, एकही कोळीण दिसली नाही. बीडीडी चाळीतलं कोणी होतं का? तुमच्याच इमारतीत भांडी-केर करायला ज्या बायका येतात, त्यांची मुलं संध्याकाळी कुठे खेळतात, हे त्यांना कोणी विचारलं का? सभेला कोण आलंय याची यादी सगळेच करतात. तू कोण आलं नाही त्याची कर. ती यादी मला जास्त महत्त्वाची वाटते.

कोळ्यांचं तर मुद्दाम सांगते. हा सागरी किनारा रस्ता सी-लिंकला जोडायचा होता, तेव्हा वरळीच्या क्लीव्हलंड बंदराजवळ पुलाच्या दोन खांबांमध्ये साठ मीटर अंतर ठेवलं होतं. नाखवे म्हणाले, एवढ्यातून वाऱ्या-लाटेत होड्या सुखरूप जाणार नाहीत, दोनशे मीटर हवं. वर्षानुवर्षं ते सांगत राहिले, काम अडवलं, कोर्टात गेले. शेवटी २०२२च्या डिसेंबरात सरकारने एकशेवीस मीटर मान्य केलं. पाणी कुठे कसं ओढतं, खडक कुठे आहेत, हे त्यांना ठाऊक होतं आणि नकाशा करणाऱ्यांनी आधी त्यांना विचारलं नव्हतं. तुमचा गट बागेचा नकाशा करतोय म्हणालीस. बाकं, सायकलचा रस्ता, फुलझाडं सगळं घातलंय. त्यात जाळी कुठे वाळणार, होडी ओढायची वाट कुठून, मासळी उतरवायला टेम्पो कुठे उभा राहणार, हे आहे का? ते नसेल तर कोळ्यांना तुमची बाग म्हणजे आणखी एक खांबच वाटेल, आणि त्यांचं चुकणार नाही.

तू म्हणशील, आत्या, आम्ही बोलावतो पण ते येत नाहीत. अगं, सभा कधी ठेवता ते बघ. शनिवारी संध्याकाळी सात. कोळीण पहाटे बाजाराला जाते, दिवसभर पाटीवर बसते, संध्याकाळी तिच्या घरचा स्वयंपाक तिच्याचसाठी थांबलेला असतो. मासेमारीची पावसाळी बंदी उठली की पुरुष समुद्रावर जाणार. सध्या पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या आहेत, तेव्हा हे दिवस चांगले. इथे हर्णैला बघते ना मी, ओसरीत बसून जाळं पायाच्या अंगठ्यात ताणून धरतात आणि तास न् तास विणत असतात. अशा वेळी शेजारी जाऊन बसलं तर माणूस भरपूर बोलतो. हातात काम असतं, घाई नसते. तू जा आणि बस. वही लगेच काढू नकोस. पहिल्या दिवशी बागेचं नावही काढलं नाहीस तरी चालेल. त्यांच्या सहकारी सोसायटीचं ऑफिस कुठे आहे ते विचार, तिथल्या जुन्या माणसांना भेट, आणि नारळी पौर्णिमेला बोलावलं तर नक्की जा. पुढची सभा क्लबहाउसात न घेता कोळीवाड्यातल्या एखाद्या हॉलमध्ये किंवा शाळेत ठेव. क्लबहाउसाच्या फाटकावर वॉचमन नाव-पत्ता लिहून घेतो, तिथूनच अर्धी माणसं परत फिरतात.

फाटकावरून आठवलं. तू चार-पाच वर्षांची असताना तुला घेऊन मी वांद्र्याला जायचे. जॉगर्स पार्क तुला आवडायचं, पण तिथे आत जायची वेळ ठरलेली. एकदा आपण पोचलो तेव्हा बंद झालं होतं आणि तू फाटकाचे गज धरून रडत उभी राहिलीस. मग आपण कार्टर रोडच्या फिरायच्या वाटेवर गेलो. तिथे फाटकच नव्हतं. कडेने तिवरं, ओहोटीचा चिखल, चिखलात खेकडे. तू कठड्याला लोंबकळून खेकडे मोजत बसलीस ते अंधार पडेपर्यंत. दोन्ही जागा लोकांच्या धडपडीतून झाल्या, हे तुला तेव्हा कळण्यासारखं नव्हतं. जॉगर्स पार्कच्या जागी कचरा आणि राडारोडा पडायचा. हॉकीचे प्रशिक्षक ऑलिव्हर अँड्राड यांनी ध्यास घेतला आणि १९९०मध्ये तिथे बाग उभी राहिली. बँडस्टँड आणि कार्टर रोडच्या वाटा त्यानंतरच्या. रहिवासी एकत्र आले, पी. के. दास यांच्यासारख्या वास्तुविशारदाने आराखडे केले. वांद्र्याच्या किल्ल्याच्या कामाला शबाना आझमींच्या खासदार निधीची मदत झाली. जॉगर्स पार्कबद्दल मला आदरच आहे, कचऱ्याच्या जागी झाडं लावणं ही लहान गोष्ट नाही. पण रात्री कामावरून सुटलेल्या माणसाला दहा मिनिटं वारा खायला कार्टर रोडच उपयोगी पडतो. भेळवाला, कॉलेजची पोरं, बुरख्यातल्या बायका, कुत्री फिरवणारे, सगळे एकाच कठड्यावर बसतात.

तेव्हा तुमच्या मागण्यांत पहिली मागणी फाटकाची असू दे. म्हणजे ते नसावं, आणि असलंच तर कोणाच्या हुकमाने उघडेल-मिटेल ते लेखी असावं. २०२५च्या ऑगस्टपासून तुमच्या सागरी रस्त्याकडेची फिरायची वाट लोकांना खुली झाली आहे, हे चांगलंच झालं. पण समुद्रापर्यंत पोचायला मध्ये तो रस्ता आहे, आणि पलीकडे जायचं ते भुयारी मार्गाने. मग बागेचं खरं फाटक ते भुयार आहे. त्यात रात्री दिवे असतात का, पाऊस पडला की पाणी साचतं का, चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी उतरते का, एकट्या बाईला तिथून जायला भीती वाटते का? हे तुम्ही स्वतः जाऊन बघा, वेगवेगळ्या वेळी बघा, तारखेसह फोटो काढा. वरळी नाक्यावर बसमधून उतरल्यावर म्हाताऱ्या माणसाला किती चालल्यावर समुद्र दिसतो, तेही चालून बघा. गाडीने येणाऱ्याला पार्किंग मिळेल आणि पायी येणाऱ्याला वळसा पडेल, तर ती बाग कोणासाठी केली हे वेगळं विचारायला नको.

बागेचा मोठा भाग करायचं आणि सांभाळायचं काम खासगी कंपनीकडे जातंय, त्यावरून तुमच्या गटात दोन तट पडलेत म्हणालीस. भांडू नका गं. दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. ओव्हल मैदान एके काळी कसं होतं ते मी पाहिलंय. तिथल्या रहिवाशांच्या संघटनेने कोर्टात जाऊन, वर्गणी काढून, नव्वदच्या दशकात ते हातात घेतलं आणि आज तिथे पोरं क्रिकेट खेळतात. म्हणजे सरकारबाहेरच्या कोणी सांभाळलं की वाईटच होतं असं नाही. पण याच शहरात सांभाळायला म्हणून दिलेल्या मैदानांवर क्लब उभे राहिले, मेंबरशिप आल्या आणि आजूबाजूची मुलं बाहेर राहिली, हेही मी पाहिलंय. २०१६च्या जानेवारीत महापालिकेने बागा-मैदानं दत्तक द्यायचं धोरण मंजूर केलं, तेव्हा लोकांनी एवढा आवाज उठवला की मुख्यमंत्र्यांनी ते थांबवलं. म्हणून कंपनी चांगली की वाईट यावर रात्री घालवू नका. करारात काय लिहिलंय ते मागा. माहितीच्या अधिकारात अर्ज करा. तिकीट लावता येईल का? बाहेरच्या कार्यक्रमांसाठी जागा भाड्याने देता येईल का? नावाची पाटी केवढी? फेरीवाल्यांचं काय? तक्रार आली तर उत्तर कोण देणार, महापालिका की कंपनी? मुदत संपल्यावर काय? हे प्रश्न सरळ आहेत. विचारायला कोणाचा राग करावा लागत नाही.

आणि एक बाई म्हणून सांगते, स्वच्छतागृह. नकाशात ते कुठल्यातरी कोपऱ्यात एका चौकोनात दाखवतात आणि बांधतात शेवटी. तुम्ही आधी मागा. साफ कोण करणार, पाणी किती तास, रात्री कुलूप कोण लावणार, हे विचारा. मुंबईत बायका घरून निघताना पाणी पीत नाहीत, ते कशामुळे हे बागा आखणाऱ्या पुरुषांना सांगावं लागतं. पिण्याच्या पाण्याचा नळ, पाठ टेकता येईल असं बाक, आणि सावली. हिरवळीचा गालिचा चित्रात सुंदर दिसतो, पण एप्रिलच्या दुपारी त्यावर कोणी बसत नाही, आणि त्याला पाणी घालत राहावं लागतं. झाडं मागा. त्यातही समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला टिकणारी. इथे आमच्या किनाऱ्यावर उंडी, भेंड, करंज बघ कशी उभी असतात, तुफानातही मोडत नाहीत सहसा. भरावाच्या जागेत माती किती खोल टाकली आहे ते विचारा. वीतभर माती आणि खाली दगड असेल तर मोठं झाड धरणार कसं?

धीर धर, हेही सांगायला हवं. धारावीजवळ मिठीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे ना, तिथे पूर्वी कचऱ्याची टेकाडं होती. सदतीस एकर. ऐंशीच्या दशकात कचऱ्यावरच रोपं लावायला सुरुवात झाली आणि उद्यान लोकांना खुलं झालं ते १९९४मध्ये. आज आत गेलीस तर खाली कचरा आहे हे खरं वाटत नाही. एवढी वर्षं लागतात. तू आठ महिन्यांत निराश झालीस, रडलीस असं वहिनी म्हणाली. रडायला हरकत नाही, पण त्या रात्री कोणाला मेसेज लिहीत जाऊ नकोस. सकाळी लिही.

बरं, गर्दीचा परिणाम होत नाही असंही समजू नकोस. २०१५मध्ये मुंबईच्या नव्या आराखड्याचा मसुदा आला तेव्हा हरकती-सूचनांचा साठ हजारांवर ढीग पडला. एप्रिलमध्ये तो मसुदा बाजूला ठेवून पुन्हा करायला लावला. नोकरीत असताना कुठल्याही आराखड्यावर एवढ्या हरकती आलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. अंतिम आराखडा २०१८मध्ये मंजूर झाला. त्यात सगळं मनासारखं आलं असं नाही, पण लोकांनी वाचलं, लोकांनी लिहिलं, हे झालं. मुंबईत माणशी मोकळी जागा जेमतेम सव्वा-दीड चौरस मीटर. आपल्याच देशाच्या नियोजनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत दहा ते बारा सांगितली आहे. सव्वा चौरस मीटर म्हणजे एक चटई अंथरायला पुरेल एवढीच. म्हणून ही सत्तर हेक्टर जागा सोडून चालणार नाही. पण हरकत लिहायला बसाल तेव्हा एकच मजकूर हजार जणांनी पाठवू नका. सुनावणीला त्याची एकच हरकत धरली जाते, निदान वाचणाऱ्याच्या मनात तरी. कोळिणीने तिचं लिहावं, शाळेच्या मास्तरांनी त्यांचं, तू तुझं. ज्याला लिहिता येत नाही त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि वाचून दाखवून मग अंगठा घ्या.

वर्गणी गोळा करायला लागलात म्हणालीस. हिशेबाची वही वेगळी ठेव आणि ती तुझ्याकडे नको, दुसऱ्या कोणाकडे दे. पावतीपुस्तक छाप. दर महिन्याला हिशेब सभेत वाचा, पाच रुपये उरले असले तरी. चांगली चाललेली कामं मी पैशाच्या कुजबुजीवरून मोडताना पाहिली आहेत, आणि पैसा बहुतेक वेळा कोणी खाल्लेलाही नव्हता, फक्त हिशेब वेळेवर सांगितला नव्हता. तसंच एकटीने कुठल्या अधिकाऱ्याला किंवा नगरसेवकाला भेटायला जाऊ नकोस. दोघी-तिघी जा, आणि त्यातली एक कोळीवाड्यातली असू दे. काय बोलणं झालं ते त्याच दिवशी लिहून त्यांना पाठव: ‘आज आपण असं म्हणालात.’ कोणी टाळी देऊन, फोटो काढून, ‘ताई, तुमचंच काम आहे’ म्हणालं, तर हसून हो म्हण आणि तारीख विचार.

जेवत जा वेळेवर. हे सगळ्यात शेवटी लिहिलं तरी वहिनीची खरी काळजी तीच आहे. वडापाववर किती दिवस काढशील? कुळथाचं पीठ पाठवलं होतं, पिठलं करायला दहा मिनिटं लागतात. रात्री मीटिंग असली तर कोणाला तरी बरोबर घेऊन परत ये आणि घरी पोचल्याचं आईला कळव. तिला ‘पोचले’ एवढा एक शब्द पुरतो.

गणपतीला चार दिवस तरी काढून ये. तुझ्या गटातल्या कोणाला आणायचं असेल तर आण, जागा आहे. हर्णैला संध्याकाळच्या लिलावाला घेऊन जाईन. बायका लिलाव कसा बोलतात ते बघण्यासारखं आहे, आणि मासळी उतरवायला किनाऱ्यावर किती जागा लागते ते तुला तिथे डोळ्यांनी मोजता येईल. नकाशाला उपयोग होईल. परसात भेंडाची रोपं पिशव्यांत केली आहेत, हवी असतील तर परतताना ने.

सगळ्यांचे आशीर्वाद आहेतच.

तुझी,
आत्या

ता. क. : पुढची सभा कुठे आणि किती वाजता ठेवलीस ते ठरलं की कळव. आणि त्या न्यायालयाच्या आदेशांची प्रत मलाही पाठव, चष्मा नवा केला आहे, बारीक अक्षर वाचता येतं. मराठीत चार ओळी मी काढून देते, तुम्ही फक्त तपासून घ्या.